निळ्या फाटकामागचा पाहुणा

आन्सेल्म तेओदा दूतावासाच्या भिंतीवरून आत पडला तो थेट सेलिमेनच्या कॉफीत.

सेलिमेननं सकाळीच परसात चादर अंथरून डोंगरातून आईनं पाठवलेल्या कॉफीच्या बिया वाळत घातल्या होत्या. त्या हातानं सारख्या करून ती उभी राहते न राहते तोच भिंतीवरच्या बोगनवेलीतून एक धिप्पाड माणूस खाली आला. अंगात कोट, गळ्यात टाय आणि बूट मात्र एकाच पायात. बिया चौफेर उधळल्या. सेलिमेननं हाताला लागलं ते मुसळ उचललं.

"चोरा! दिवसाढवळ्या? तेही दूतावासात?"

"मारू नका, बाई," तो माणूस आडवा पडल्यापडल्याच म्हणाला. "अत्यंत दुःखानं कळवावं लागतंय, की माझा घोटा मोडला आहे."

मुसळ हवेतच राहिलं. हा आवाज तिला ठाऊक होता. तो ठाऊक नाही असं माणूस साऱ्या पोर्ट-ओ-प्रिन्समध्ये शोधून सापडलं नसतं. रोज दुपारी रेडिओवर मयतांच्या बातम्या वाचणारा आवाज तो! कोण गेलं, मागे कोण राहिलं, सुना कुठल्या घराण्यातल्या, परदेशी गेलेला भाचा कोण, प्रेतयात्रा कोणत्या चर्चमधून निघणार, हे सगळं आन्सेल्म तेओदा असं वाचायचा की गेलेल्याला कधी पाहिलंही नाही त्याच्याही घशात घास अडकावा. सेलिमेनचा नवरा बंदरावर क्रेनखाली सापडून गेला, तेव्हा त्याचं नाव याच आवाजानं शहराला सांगितलं होतं. "जन्मात तेवढी एकदाच त्याच्या नावाला इज्जत मिळाली," असं ती म्हणायची.

"तुम्ही? म्हणजे काल ते…"

"काल ते मीच," आन्सेल्मनं डोळे मिटून घेतले.

कालचा प्रकार असा झाला होता. राष्ट्राध्यक्षांच्या महालातून नव्या मंत्र्यांची यादी रेडिओवर आली होती. मयतांच्या बातम्या संपल्या की जरा बँडची तबकडी लावायची आणि मग यादी वाचायची, असं ठरलेलं. पण कुणीतरी सगळे कागद एकावर एक ठेवले. वाचताना अर्थाकडे लक्ष देणं आन्सेल्मनं कधीच सोडलं होतं. रोज एवढी मरणं वाचणाऱ्याला ते परवडत नाही. एका म्हाताऱ्या शिंपिणीचं नाव वाचून त्यानं पान उलटलं आणि त्याच ओल्या आवाजात, त्याच संथ लयीत, "त्यांच्यापाठोपाठ सर्वश्री…" म्हणत नऊच्या नऊ मंत्री एकेक करून प्रभूच्या घरी पोचवले. 'ईश्वर त्यांच्या आत्म्यांना शांती देवो' म्हणून झालं, तेव्हा कुठे त्याला कागदाच्या तळाशी महालाचा शिक्का दिसला.

शहर हसलं. खिडक्या लावून, उशीत तोंड खुपसून हसलं, पण हसलं. आणि महालाला खपत नव्हतं ते नेमकं तेच.

सेलिमेननं मुसळ खाली ठेवलं. "उठा. आधी साहेबांना सांगते. आणि त्या बिया वेचायला मागाहून तुम्हीच बसणार आहात, हे लक्षात ठेवा."

त्या घराला दूतावास असं कुणी म्हणत नसे. सगळे 'निळं फाटक' म्हणायचे. एका कॉफीच्या व्यापाऱ्यानं चांगल्या दिवसांत ते बांधलं होतं, लाकडी जाळीच्या झालरी आणि कोपऱ्यात एक टोकदार मनोरा काढून. महायुद्ध संपल्यावर दक्षिणेकडच्या एका छोट्या देशानं ते भाड्यानं घेतलं आणि मनोऱ्यावर झेंडा लावला. त्या देशाचं हैतीत काय काम होतं, ते खुद्द त्या देशालाही नीट ठाऊक नसावं. थोडं डबाबंद मांस यायचं, थोडी कातडी जायची. वर्षातून एकदा त्यांच्या राष्ट्रीय दिनाला परसात आख्खा बैल भाजायचे आणि त्याचा वास उतारावरून खाली पार बाजारापर्यंत जायचा. एवढा त्या दूतावासाचा लौकिक. सेलिमेन तिथे स्वयंपाकाला लागली तेव्हा एवारिस्तो साहेब राजदूत होते. ते विधुर होते, दुपारी झोपत आणि संध्याकाळी एकटेच बुद्धिबळ खेळत.

मग ते वाईट वर्ष आलं. माणसं घरातून नाहीशी व्हायला लागली. काळे चष्मे लावलेले लोक गाडीतून यायचे आणि माणसाला गाडीत घालून न्यायचे. एका पहाटे एक वकील निळ्या फाटकावर डोकं आपटायला लागला. एवारिस्तो साहेबांनी झोपेच्या कपड्यांत येऊन स्वतः कडी काढली. हैतीसकट त्यांच्या भागातल्या देशांनी आपसात एक करार केला होता: राजकारणापायी पळणाऱ्याला दूतावासानं आसरा द्यायचा आणि सरकारनं त्याला सुखरूप देशाबाहेर जायचा परवाना द्यायचा. इतकी वर्षं तो करार कपाटात पडून होता. साहेबांनी तो बाहेर काढून झटकला आणि म्हणाले, "सेलिमेन, या भिंतींच्या आत जो आला तो आपला पाहुणा. बटाटे जास्त टाक."

आन्सेल्म पडला तोवर असे सहा पाहुणे आत होते. नाहणीघर एकच. कुणी किती वेळ लावला यावरून रोज सकाळी अशी जुंपायची, की महालातला माणूस परवडला. पण तीन-चार महिन्यांत त्या सहाही जणांचे परवाने आले. झेंडा लावलेल्या गाडीतून ते विमानतळावर गेले. आन्सेल्मचा परवाना तेवढा आला नाही. त्याच्याबद्दल सरकारचं उत्तर आलं: सदर इसम राजकीय नाही, तो निष्काळजी आहे, करार त्याला लागू होत नाही, सबब त्यास आमच्या हवाली करावे.

एवारिस्तो साहेबांनी ते तीनदा वाचलं. "एका दमात नऊ मंत्री मारले," ते म्हणाले, "आणि म्हणे राजकीय नाही! मग राजकीय व्हायला किती मारावे लागतात?"

त्यांनी आन्सेल्मला दिलं नाही. सरकारनं परवाना दिला नाही. गल्लीच्या पलीकडे बदामाच्या झाडाखाली एक खुर्ची आली आणि तिच्यावर मेरिल्यां नावाचा एक काळ्या चष्म्यावाला येऊन बसला. पाहुणा बाहेर पडला की उचलायचा, एवढंच त्याचं काम.

पहिले सहा महिने सेलिमेनला पाहुण्याचा भारी वैताग आला. धडधाकट माणूस, पण कपसुद्धा कधी विसळलेला नाही. वर जिभेचे चोचले.

"बाई, राजमा-भातात आज लवंग कमी पडली का?"

"पाहुणे, भात खाता आहात की त्याची बातमी देता आहात?"

"नाही, आपलं सहज म्हटलं."

"सहज तो झाडू घ्या आणि अंगण झाडा. बसून बसून तुमची जीभ चव शोधत फिरते."

तो झाडायला लागला. आधी धूळ इकडची तिकडे झाली, मग हळूहळू हात बसला. नंतर त्यानं परसाच्या कोपऱ्यात टोमॅटो लावले. सेलिमेननं मिरची-कोबीचं तिखटजाळ लोणचं घातलं की बरणी हलवत बसायचं काम त्याचं झालं. दुपारी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचा, ती शेंगा सोलायची, तो बाजारातल्या बातम्या विचारायचा. कोणती कोळीण कुणाशी भांडली, कुणाच्या गाढवानं कुणाचे आंबे खाल्ले, कुणाची मुलगी पळून गेली. एरवी असल्या गोष्टींकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नसतं. आता सेलिमेनला बाजारातून यायला उशीर झाला की तो फाटकाच्या फटीला डोळा लावून उभा राहायचा आणि पलीकडून मेरिल्यां ओरडायचा, "येतेय, येतेय! कोपऱ्यावर बर्फवाल्याशी हुज्जत घालतेय!"

मेरिल्यांची गंमतच होती. पहिल्या वर्षी तो गुरकावायचा. दुसऱ्या वर्षी सेलिमेन बाजाराला निघताना त्याच्या हातात कॉफीचा कप ठेवायला लागली. माणूस उन्हात बसलेला असताना आपण समोरून कॉफीचा वास सोडत राहायचं, हे तिच्या मनाला पटेना.

"तुमच्या त्या पाहुण्यामुळे मीही कैदीच झालोय, बाई," तो म्हणायचा. "माझ्याबरोबरच्यांना गाड्या मिळाल्या, पिस्तुलं मिळाली. मला काय मिळालं? हे झाड. बदाम डोक्यात पडतात."

"मग टोपी घाल."

"टोपी घातली की चष्मा घसरतो."

एवारिस्तो साहेबांची मुदत संपली. जाताना त्यांनी आन्सेल्मला मिठी मारली आणि नव्या राजदूताला घर दाखवावं तसा तो दाखवला: हा मनोरा, ही जाळी, हा पाहुणा. नवे साहेबही वर्षभरानं गेले. निष्काळजी माणसाचा परवाना काही आला नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी सेलिमेन कॉफी घेऊन बाहेर गेली तर मेरिल्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. तिनं त्याचे डोळे कधी पाहिलेच नव्हते. लाल झाले होते.

"आई गेली," तो म्हणाला. "रेडिओवर दिलं मी. पण बाई, तो नवा पोरगा काय वाचतो! माझ्या आईचं नाव त्यानं साबणाच्या जाहिरातीसारखं वाचलं. आमच्या गावाचं नावही धड आलं नाही त्याला."

सेलिमेननं मान हलवली.

मेरिल्यांनं गल्लीत मागे-पुढे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुमचा तो… भिंतीआडून वाचेल का? माझ्या बहिणी आल्यात. त्या इथं गल्लीत उभ्या राहतील. तो आतच राहू दे. मी त्याला हात लावणार नाही, आईची शपथ." मग स्वतःच्याच बोलण्यानं त्याचा चेहरा कसानुसा झाला. "आता आईची शपथ तरी कुठली म्हणा!"

सेलिमेननं आत येऊन सांगितलं. आन्सेल्म टोमॅटोंना काठ्या बांधत होता. ऐकून त्यानं बांधलेली गाठ पुन्हा सोडली.

"त्या दिवसापासून मी एकही नाव वाचलेलं नाही, बाई. भीती वाटते. पुन्हा कुणी जिवंत माणूस मेला तर?"

"यादी एका नावाची आहे. आणि ती खरोखर गेलीय. मी विचारून घेतलंय."

"तो मला न्यायला बसलाय."

"हो. पण आज तो आई गेलेला माणूस आहे. उद्या पुन्हा न्यायला बसेल. तुम्ही आजचं बघा."

आन्सेल्मनं हात धुतले, कोट घातला. भिंतीलगत उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर तो उभा राहिला. पलीकडचं काही दिसावं म्हणून नाही, तर असं ताठ उभं राहिल्याशिवाय त्याला वाचता येत नसे म्हणून. बाहेर पाच-सहा बायका डोक्याला पांढरी फडकी बांधून उभ्या होत्या. सेलिमेन फाटकापाशी थांबली.

त्यानं या वेळी अर्थाकडे लक्ष देऊन वाचलं. मेरिल्यांच्या आईचं नाव, तिचं माहेर, तिची मेलेली तीन मुलं आणि जगलेली पाच, ती ज्या ओढ्यावर धुणं धुवायची त्या ओढ्याचं नावसुद्धा. मेरिल्यांनं सांगितलेलं काही म्हणता काही गाळलं नाही. गल्लीतला लोखंडवाला हातगाडी थांबवून उभा राहिला. समोरच्या घराची खिडकी उघडली, मग शेजारची. भिंतीच्या वरून तो आवाज सगळ्या गल्लीवर पसरला आणि एक बहीण तिथेच मटकन खाली बसली.

दुसऱ्या दिवशी मेरिल्यां पुन्हा चष्मा लावून खुर्चीत हजर होता. त्यानं कॉफी घेतली आणि कप परत देताना तेवढं म्हणाला, "ओढ्याचं नाव बरोबर घेतलं त्यानं."

चौथ्या वर्षी इबान्येझ साहेब आले. वय तिशीच्या आत, राजदूतही नाहीत, नुसते प्रभारी. बिचारे येऊन स्थिरावतात न स्थिरावतात तोच त्यांच्या राजधानीतून तार आली. सरकारला खर्च झेपत नाही, एवढ्या लांब एवढ्याशा कामासाठी दूतावास ठेवण्यात अर्थ नाही. महिनाअखेरीस बंद करून परत यावे.

इबान्येझ साहेब स्वयंपाकघरात येऊन स्टुलावर बसले. असं कुणी साहेब याआधी बसलं नव्हतं.

"सेलिमेन, झेंडा उतरला की हे नुसतं घर. मग त्यांना आत यायला कुणाची परवानगी नको."

"गाडीत घालून न्या ना साहेब त्यांना. गाडीला झेंडा आहे."

"विमानतळावर गाडीतून उतरावं लागतं. परवान्याशिवाय तो विमानाच्या शिडीपर्यंतसुद्धा पोचणार नाही. मी बाकीचे दूतावास पालथे घातले. सगळे विचारतात, राजकीय आहे का? मी काय सांगू? रेडिओवर पान उलटताना चुकला म्हणून?"

आन्सेल्म उंबऱ्यावर होता. त्यानं सगळं ऐकलं आणि शांतपणे म्हणाला, "टोमॅटो पुढच्या आठवड्यात तयार होतील. वाया घालवू नका."

सेलिमेनला त्याचा असा राग आला की तिनं पातेलं दाणकन आपटलं.

त्या शनिवारी ती केन्स्कॉफच्या डोंगरात आईकडे गेली. आईचे गुडघे धरले होते, कोबीचे गड्डे टोपलीत भरून तसेच पडले होते. शहरातल्या पाच-सहा मोठ्या घरांना आई वर्षानुवर्षं कोबी द्यायची. त्यातलं एक घर वोल्मारांचं. फेनेलों वोल्मार हा त्या नऊ मंत्र्यांपैकी एक, आणि आता त्याच्याच खात्याकडे देशाबाहेर जायचे परवाने होते. सेलिमेननं टोपली डोक्यावर घेतली.

वोल्मारांच्या मागच्या पडवीत म्हातारी मादाम वोल्मार तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. घरात नोकर ढीगभर, पण शेंगांना ती दुसऱ्या कुणाचा हात लागू देत नसे.

"तुझी आई कुठाय?"

"गुडघे धरलेत, बाईसाहेब. मी आले."

"तू त्या निळ्या फाटकात असतेस ना गं? तो आहे का अजून तिथं, माझ्या फेनेलोंला मारणारा?"

"आहे."

सेलिमेनला वाटलं, आता टोपली उचलून चालू लागावं. पण म्हातारीनं विचारलं, "कसा आहे?"

"वाळलाय जरा. टोमॅटो लावतो."

"आणि आवाज?"

"आवाज आहे तसा आहे. वापरत नाही."

"माझ्या यजमानांचं त्यानंच वाचलं होतं," म्हातारी म्हणाली. "हयातभर त्यांच्याशी भांडले मी, पण त्याचं वाचणं ऐकलं आणि वाटलं, अरे, बरा होता की गं माणूस! आणि फेनेलोंचं वाचलं त्या दिवशी? फेनेलों जेवत होता. स्वतःच्या मरणाची बातमी ऐकून ताटावरून उठला, ताट भिंतीवर मारलं. मी म्हटलं, गाढवा, नाच! जिवंत माणसाच्या मरणाची बातमी उठली तर त्याचं आयुष्य वाढतं. माझी आजी सांगायची. बरं, आता बघ. त्या नऊतले आज कितीजण आहेत?"

"मला नाही ठाऊक, बाईसाहेब."

"सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. एक पळाला, दोघं आत आहेत, एकाला खरोखरीच पुरला आणि बाकीच्यांची नावं घ्यायची सोय नाही. खुर्चीवर एकटा माझा फेनेलों. का? कारण बाकीच्यांच्या आयांनी त्या वाचणाऱ्याला शिव्याशाप दिले. मी दर रविवारी त्याच्या नावानं मेणबत्ती लावते."

सेलिमेन पाया पडून विनवायला आली होती. ते तिनं तिथल्या तिथे बाजूला ठेवलं. टोपलीतला एकेक कोबी काढून ओळीनं मांडत ती म्हणाली, "बाईसाहेब, आमचा दूतावास बंद होतोय. महिनाअखेरीस झेंडा उतरेल. दुसऱ्या दिवशी चष्मेवाले आत शिरतील."

"मग?"

"काही नाही. मी आपलं येताना विचार करत होते. ज्याच्या तोंडून आयुष्य वाढलं, त्या माणसाचंच काही बरंवाईट झालं, तर ते वाढलेलं आयुष्य कुठे जातं?"

म्हातारीचा हात शेंगेवर थांबला. "कुठे जातं?"

"मला काय कळतंय? मी स्वयंपाकीण. म्हणून तर तुम्हाला विचारलं."

म्हातारीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. मग तिनं एक शेंग उकलली, दाणे वाडग्यात टाकले आणि आतल्या बाजूला तोंड करून अशा हाका मारल्या की पडवीतल्या कोंबड्या पळाल्या. "फेनेलों! ए फेनेलों! चहा राहू दे, आधी इकडे ये!"

"सगळे कोबी ठेव," ती सेलिमेनला म्हणाली, "आणि नीघ. तो माणसांसमोर माझं ऐकत नाही."

पुढच्या आठवड्यात सरकारी शिपाई परवाना घेऊन निळ्या फाटकाशी आला. इबान्येझ साहेबांनी वाचला, पुन्हा वाचला, आणि मोठ्यानं हसत सुटले. लिहिलं होतं: पुनर्विचारांती सदर इसम राजकीय असल्याचे आढळून आले आहे.

सेलिमेननं कुणाला काही सांगितलं नाही. आन्सेल्मलाही नाही. निघायच्या आदल्या सकाळी ती केळी तळत होती तेव्हा तो उंबऱ्यावरून उठून आत आला आणि उभा राहिला. उभा राहिला म्हणजे काही महत्त्वाचं बोलणार, हे तिला आता कळायचं.

"तुम्हीही चला, बाई. फादरना बोलावू, इथेच लग्न लावू. बायकोला परवाना लागू होतो. साहेबांना विचारून ठेवलंय मी."

"मागणी घालताय होय? मला वाटलं कुणी गेलं."

"थट्टा करू नका."

तिनं कढई उतरवली. थट्टा तिला करायची नव्हती, पण तोंडाला काहीतरी काम हवं होतं. "बसा," ती म्हणाली. "आई डोंगरात एकटी आहे. तिचे गुडघे गेलेत. आणि मी तिकडे येऊन कोण होणार? इथं मी भाजीवाल्याशी भांडते तर अर्धा बाजार बघायला उभा राहतो. तिथं मला भांडायलासुद्धा भाषा येणार नाही."

"मला तरी कुठे येते? शिकू."

"तुम्ही शिकाल. तुमचा आवाज तुमच्याबरोबर येतो. माझं सगळं इथंच राहतं."

"मग मी राहतो."

"खुळ्यासारखं बोलू नका." ती वळली तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि ते तिनं पुसले नाहीत. "चार वर्षं तुमच्या जेवणाची, तुमच्या जिवाची काळजी वाहिली मी. आता मला रात्री निवांत झोपू द्या. जा. तुम्ही जिवंत आहात एवढं कळलं की मला पुरे."

त्यानं पुन्हा विचारलं नाही. दोघांनी केळी खाल्ली. त्यानं ताटं धुतली, नीट, खालच्या बाजूनंही.

दुसऱ्या दिवशी गाडी फाटकाबाहेर उभी राहिली. सामान म्हणून त्याच्याकडे एवारिस्तो साहेबांनी मागे ठेवलेली छोटी पेटी होती. फाटक उघडलं आणि आन्सेल्म उंबरठ्यावर जो थांबला तो थांबलाच. पाय उचलेना. इतकी वर्षं ज्या रेषेच्या आत जीव होता ती रेष ओलांडायची म्हणजे काय, हे गाडीत बसलेल्या इबान्येझ साहेबांना कळेना. ते घड्याळ बघत होते.

सेलिमेननं त्याचं कोपर धरलं. "मी बाहेर रोज जाते. काही नसतं तिथं. चला, उजवा पाय आधी."

मेरिल्यां खुर्चीतून उठून आला होता. आन्सेल्म दचकला, पण मेरिल्यांनं गाडीचं दार उघडून धरलं. "बसा, बाबा, बसा," तो म्हणाला. "तुम्ही सुटलात, मीही सुटलो. मला आता बंदरावर घालतायत. सावली नाही म्हणतात तिथं."

आन्सेल्मनं त्याचा हात हातात घेतला. मग सेलिमेनकडे वळला, आणि साऱ्या शहराला रडवणाऱ्या त्या माणसाला एक शब्द फुटेना. तिनं त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली आणि त्याला आत बसवलं. गाडी उतारावरून खाली गेली.

महिनाअखेरीस इबान्येझ साहेबांनी मनोऱ्यावर चढून झेंडा उतरवला. त्यांना तो घडी करता येईना. सेलिमेननं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी चादरीसारखी घडी घातली. चाव्या व्यापाऱ्याच्या नातवाकडे गेल्या. फाटकाला पांढरा रंग लागला आणि तिथे एक दातांचा डॉक्टर राहायला आला. त्यालाही स्वयंपाकीण हवी होती, पण सेलिमेन केन्स्कॉफला आईकडे निघून गेली. तिथे तिनं कोबीबरोबर गाजरं लावली, एक गाय घेतली. शनिवारी ती शहरात माल घेऊन उतरायची. वोल्मारांच्या पडवीत म्हातारी तिला बाकावर बसवून कॉफी द्यायची. तो विषय दोघींनी पुन्हा कधी काढला नाही.

दीड-दोन वर्षांनी एक फादर दक्षिणेकडून परतताना तिच्यासाठी गाठोडं घेऊन डोंगरावर आले. त्यांनी आन्सेल्मला पाहिलं होतं. तो एका बाजारगावी लोकरीच्या लिलावात ओरडायच्या कामावर होता. भाषा अजून मोडकीतोडकीच, पण आकडे त्यानं असे पुकारावेत की धनगर लोकांनी भान हरपून बोली चढवत न्यावी. बरा होता. एकटा राहत होता. तिच्याबद्दल त्यानं पुष्कळ विचारलं होतं. गुडघे कसे आहेत, हेही.

"कुणाचे गुडघे?" आईनं आतून विचारलं.

"तुझे."

"माझे? त्याला काय करायचंय माझ्या गुडघ्यांशी?"

गाठोड्यात जाड लोकरीचा लांब कोट निघाला, शिंगाच्या बटणांचा. खाली शहरात असला कोट अंगावर घालणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. पण केन्स्कॉफला सकाळी धुकं उतरतं तेव्हा हात काकडतात. सेलिमेननं तो तिथेच घातला. खांद्यात किंचित सैल होता. तिनं बाह्या हुंगल्या. नव्या लोकरीचा वास येत होता, अनोळखी गवताचा असावा तसा.

"एवढा लांबून पाठवला," आई दारातून म्हणाली, "तर जरा मापाचा तरी पाठवायचा."

"माप त्यानं कधी घेतलं होतं?"

"तेच म्हणते मी. चार वर्षं काय केलंत?"

सेलिमेन खुदकन हसली आणि फादरना कॉफी ठेवायला आत गेली. कोट तिनं काढला नाही. धुकं विरून ऊन वर आलं, घाम यायला लागला, तरी ती तो घालूनच गाजरं उपटत होती, आणि बांधावरून जाणारी माणसं थांबून विचारत होती की बाई, हे काय?

"कोट आहे," ती सांगत होती. "मला आलाय."